राजाची सही आणि मुसोलिनीचा उदयास्त

गुणवंत विद्यार्थ्यांची यादी, वसतिगृहाचा जमाखर्च, वधूवर-सूचना आणि दिवंगत आश्रयदात्यांना वाहिलेली श्रद्धांजली, यांच्या शेजारी इटलीच्या एका हुकूमशहाचा वृत्तांत छापला जावा, हे काही ज्ञातिबांधवांस विसंगत वाटण्याचा संभव आहे. तथापि आपली संस्था जशी घटना, कार्यकारी मंडळ, सभा, ठराव आणि सह्या यांवर चालते, तशीच राष्ट्रेही चालतात. आणि ज्या घटनेचे वर्णन येथे करावयाचे आहे, तिचा सारा कणा एका ठरावावर आणि एका सहीवर उभा आहे. म्हणून हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही.

इटलीशी मराठी वाचकाची ओळख जुनी आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मॅझिनीच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद १९०७ साली प्रसिद्ध केला आणि सरकारने तो जप्त केला, हे सर्वश्रुत आहे. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावे त्या काळी महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत आपल्याच माणसांची असावीत तशी उच्चारली जात. त्याच इटलीत पुढे पंधरा वर्षांनी बेनिटो मुसोलिनीची सत्ता आली, आणि आणखी वीस-बावीस वर्षांनी त्याच इटलीच्या नद्यांच्या काठी मराठा पलटणीतील तरुणांचे रक्त सांडले. हे सर्व कसे घडले, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

मुसोलिनीविषयी एक समज फार दृढ आहे, तो असा की त्याने तलवारीच्या बळावर सत्ता हिसकावून घेतली. हा समज स्वतः मुसोलिनीनेच जोपासला. वस्तुस्थिती निराळी आहे. सत्ता त्याला देण्यात आली. आणि ज्या हातांनी ती दिली, त्याच हातांनी ती परत घेतली. या देण्याघेण्यामध्ये वीस वर्षे आणि नऊ महिने गेले.

बेनिटोचा जन्म २९ जुलै १८८३ रोजी उत्तर इटलीच्या रोमान्या प्रांतात प्रेदाप्पिओ गावाजवळ झाला. बाप लोहार, कडवा समाजवादी. आई शाळामास्तरीण आणि देवभोळी. मेक्सिकोचा क्रांतिकारक नेता बेनितो हुआरेझ याच्या नावावरून बापाने मुलाचे नाव ठेवले. मुलगा हुशार परंतु दांडगट निघाला. काही दिवस शाळेत मास्तरकी केली, स्वित्झर्लंडमध्ये भटकला, तुरुंगही पाहिला आणि अखेर लेखणी व व्यासपीठ या दोन गोष्टींवर आपले पोट चालू शकते, हे त्याच्या ध्यानी आले. १९१२ साली तो समाजवादी पक्षाच्या ‘अवांती’ या मुखपत्राचा संपादक झाला. म्हणजे ज्या पक्षाचा त्याने पुढे निर्दयपणे नायनाट केला, त्याच पक्षाच्या अन्नावर तो वाढला होता. १९१४ च्या महायुद्धात इटलीने पडावे की नाही या प्रश्नावर त्याने एकाएकी बाजू बदलली, पक्षाने त्याला काढून टाकले, आणि त्याने कारखानदारांच्या व फ्रान्सच्या पैशाच्या आधाराने ‘पोपोलो द’इतालिया’ हे स्वतःचे वृत्तपत्र काढले.

महायुद्धात इटली विजयी पक्षात होती. परंतु सुमारे सहा लक्ष सैनिक गमावून पदरात पडलेला विजय तिला अपुरा वाटला. घरी परतलेल्या शिपायाला काम नव्हते, धान्य महाग झाले होते, कारखान्यांत संप चालू होते. १९२० च्या सप्टेंबरात तर कामगारांनी कारखानेच ताब्यात घेतले. रशियातील क्रांती ताजी होती. आपल्या देशातही तेच होणार, या भीतीने जमीनदार, कारखानदार आणि पेन्शनवर जगणारा पांढरपेशा यांची झोप उडाली. याच सुमारास, २३ मार्च १९१९ रोजी, मिलान शहरात मुसोलिनीने आपली संघटना स्थापली. प्राचीन रोममध्ये अधिकाऱ्यापुढे काठ्यांची मोळी आणि तीत खोवलेली कुऱ्हाड नेत असत. त्या मोळीचे नाव ‘फाशेस’, आणि त्यावरून ‘फॅसिस्ट’ हा शब्द रूढ झाला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत या नव्या संघटनेला संसदेत एकही जागा मिळाली नाही. खुद्द मिलानमध्ये तिला पाच हजारही मते पडली नाहीत.

मग तीन वर्षांत असे काय झाले? उत्तर पो नदीच्या खोऱ्यात सापडते. तेथील शेतमजुरांच्या संघटना बळकट होत्या. त्या मोडण्यासाठी जमीनदारांनी फॅसिस्टांच्या टोळ्यांना पैसा आणि मोटारलॉऱ्या पुरविल्या. काळे सदरे घातलेल्या या टोळ्या रात्री गावात शिरत, मजूर संघाची कचेरी जाळीत, पुढाऱ्याला घराबाहेर ओढून सोट्याने बडवीत आणि त्याच्या घशात एरंडेल तेल ओतीत. हा प्रकार ऐकून आपल्याकडे कोणी हसेल. परंतु भर चौकात, बायकामुलांदेखत एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाची अशी विटंबना केली, म्हणजे त्याचा धीर आणि त्याची पत ही दोन्ही एकाच वेळी जातात, हे त्या टोळ्यांना पक्के ठाऊक होते. पोलीस बहुधा पाहत उभे राहत. आणि वयोवृद्ध, मुरब्बी पंतप्रधान जोलित्ती यांनी १९२१ च्या निवडणुकीत या फॅसिस्टांना आपल्या आघाडीत सामील करून घेतले. सत्तेची चव दिली म्हणजे ही पोरे सरळ होतील, हा त्यांचा हिशेब. पस्तीस फॅसिस्ट त्या निवडणुकीने संसदेत पोचले, आणि पोचताच त्यांनी जोलित्तींची साथ सोडली.

आता १९२२ च्या ऑक्टोबरातील त्या प्रसिद्ध ‘रोमवरील मोर्चा’कडे वळू. २४ तारखेस नेपल्स येथे फॅसिस्टांचा मेळावा झाला आणि रोमवर चालून जाण्याचे ठरले. २७ च्या रात्री ठिकठिकाणी तारकचेऱ्या, रेल्वे स्थानके आणि सरकारी इमारती ताब्यात घेण्याचे प्रयत्न सुरू झाले. रोमच्या आसपास पंचवीस-तीस हजार माणसे गोळा झाली असतील. पाऊस कोसळत होता. कोणाजवळ बंदुका, कोणाजवळ नुसते सोटे. अन्नाची सोय नाही, तोफा तर नाहीतच. राजधानीत शिस्तबद्ध सैन्य होते, तोफा होत्या, चिलखती मोटारी होत्या. पंतप्रधान फाक्ता हा काही करारी गृहस्थ नव्हे, परंतु त्याच्या मंत्रिमंडळानेही २८ च्या पहाटे लष्करी कायदा पुकारण्याचे एकमताने ठरविले. जाहीरनामा छापून झाला, भिंतींवर डकविण्यासही प्रारंभ झाला. आता उरली होती फक्त राजाची सही.

राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने सही करण्यास नकार दिला.

का दिला? इतिहासकार निरनिराळी कारणे देतात. यादवी युद्धाची धास्ती, सैन्याच्या निष्ठेविषयी शंका, फॅसिस्टांशी जवळीक असलेला आपला चुलतभाऊ गादीवर बसविला जाईल ही भीती, आणि समाजवाद्यांविषयीचा जुना तिटकारा, यांपैकी कोणते कारण किती प्रमाणात होते हे तो राजाच जाणे. कारण काहीही असो. त्या सकाळी फाक्ताने राजीनामा दिला, भिंतींवरचे जाहीरनामे निघाले, आणि दुसऱ्या दिवशी मिलानमध्ये बसलेल्या मुसोलिनीला मंत्रिमंडळ बनविण्याचे पाचारण गेले. तो स्वतः मोर्चात नव्हताच. मिलान हे स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून दूर नाही, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. ३० तारखेच्या सकाळी तो रेल्वेच्या शयनगाडीतून रोमला उतरला. विजयी मोर्चाची मिरवणूक रोमच्या रस्त्यांतून निघाली ती त्यानंतर, सरकारच्या परवानगीने.

त्याच्या पहिल्या मंत्रिमंडळात फॅसिस्ट मंत्री अगदी थोडे होते; बाकीचे उदारमतवादी, कॅथलिक पक्षाचे, सेनापती आणि विद्वान. संसदेने ३०६ विरुद्ध ११६ मतांनी त्याच्यावर विश्वास व्यक्त केला. मनात आणले असते तर या सभागृहाची मी छावणी करून टाकली असती, असे तो त्यांना त्यांच्या तोंडावर सुनावून बसला होता, तरीही हा विश्वास! पुढल्या वर्षी निवडणुकीचा नवा कायदा झाला. ज्या यादीला सर्वांत अधिक मते पडतील, मग ती शेकडा पंचवीस का असेनात, तिला दोन-तृतीयांश जागा, असा त्या कायद्याचा मथितार्थ. हा कायदाही संसदेनेच संमत केला. ६ एप्रिल १९२४ च्या निवडणुकीत सोटा आणि एरंडेल यांच्या साहाय्याने सरकारी यादीला सुमारे ६५ टक्के मते मिळाली, म्हणजे त्या कायद्याची गरजही उरली नाही.

येथे एका पुरुषाचे नाव आदराने घेतले पाहिजे. जाकोमो मात्तेओत्ती हे सधन जमीनदार घराण्यातील, वय अवघे एकोणचाळीस, समाजवाद्यांच्या सुधारणावादी पक्षाचे चिटणीस. ३० मे १९२४ रोजी ते संसदेत उभे राहिले आणि कोणत्या मतदारसंघात कोणाला मारहाण झाली, कोठे उमेदवाराला सभा घेऊ दिली नाही, कोठे मतपत्रिका कोणी भरल्या, याचा पाढा त्यांनी शांतपणे वाचला. समोरून आरडाओरड, शिव्या, धमक्या यांचा वर्षाव चालू होता. काही मिनिटांचे ते भाषण या गोंगाटामुळे कितीतरी लांबले. खाली बसताना त्यांनी, आता माझ्या मृत्यूनंतरच्या भाषणाची तयारी करा, अशा अर्थाचे उद्गार आपल्या सहकाऱ्यांपाशी काढल्याचे सांगतात. १० जूनच्या दुपारी टायबर नदीच्या काठी, घरून संसदेकडे जात असताना, पाच जणांनी त्यांना मोटारीत कोंबले आणि भोसकून ठार केले. प्रेत सापडले दोन महिन्यांनी, १६ ऑगस्टला, रोमबाहेरच्या रानात. मारेकऱ्यांचे धागेदोरे मुसोलिनीच्या निकटच्या माणसांपर्यंत पोचत होते.

सारी इटली हादरली. लोकांनी कोटावरची फॅसिस्ट चिन्हे काढून खिशात घातली. मुसोलिनीच्या दिवाणखान्याबाहेर भेटीस आलेल्यांची रीघ एकाएकी आटली. त्या क्षणी त्याची सत्ता एका धाग्यावर लोंबकळत होती, असे त्या काळच्या बहुतेक साक्षीदारांचे म्हणणे आहे. विरोधी पक्षांच्या शंभरावर सभासदांनी संसदेवर बहिष्कार घातला आणि राजा आता तरी काही करील, या आशेवर ते बाहेर बसून राहिले. मला वाटते, त्यांचा हेतू शुद्ध होता पण जागा चुकली. रिकाम्या बाकांना मत नसते. राजाने काय केले? माझे डोळे आणि कान म्हणजे संसदेची दोन सभागृहे, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. आणि त्या दोन सभागृहांपैकी वरिष्ठ सभागृहाने जून महिन्यातच मुसोलिनीवर विश्वासदर्शक ठराव संमत केला होता. त्या ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्यांत जगद्विख्यात तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे हेही होते. पुढल्याच वर्षी क्रोचे फॅसिस्टविरोधी विचारवंतांच्या जाहीरनाम्याचे लेखक झाले आणि अखेरपर्यंत त्या भूमिकेवर ठाम राहिले. पण ज्या महिन्यात त्यांच्या मताला किंमत होती, तो महिना निघून गेला होता.

सहा महिने वाट पाहून, कोणीच काही करीत नाही हे उमगल्यावर, ३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनी संसदेत उभा राहिला आणि जे घडले त्याची राजकीय, नैतिक आणि ऐतिहासिक जबाबदारी एकट्या माझी आहे, असे त्याने छातीठोकपणे सांगितले. मला आरोपी करावयाचे असेल तर करा, असे आव्हानही दिले. कोणीही पुढे आले नाही. खऱ्या अर्थाने हुकूमशाहीचा प्रारंभ या दिवसापासून मोजावा.

त्यापुढील दोन वर्षांत एकामागून एक कायदे आले : वृत्तपत्रांची मुस्कटदाबी, निवडून आलेल्या नगराध्यक्षांच्या जागी सरकारनियुक्त अधिकारी, इतर सर्व पक्षांवर बंदी, राजकीय गुन्ह्यांसाठी खास न्यायालय, गुप्त पोलीस. प्रत्येक कायद्याखाली राजाची सही होती. साम्यवादी विचारवंत ग्राम्शी यांना १९२६ च्या नोव्हेंबरात पकडण्यात आले. तुरुंगात त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि १९३७ मध्ये त्यांचा अंत झाला. १९२९ साली पोपशी तह होऊन साठ वर्षांचे भांडण मिटले आणि श्रद्धाळू इटालियन जनतेच्या दृष्टीने मुसोलिनीला जणू देवळाचाच आशीर्वाद मिळाला. १९३१ साली विद्यापीठांतील प्राध्यापकांना राजवटीशी एकनिष्ठेची शपथ घेण्याचा हुकूम निघाला. बाराशेंहून अधिक प्राध्यापकांपैकी ज्यांनी शपथ नाकारली, ते बारा. जगन्मान्य गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा हे त्यांपैकी एक. बाकीच्यांना नावे ठेवणे सोपे आहे. त्यांना मुलेबाळे होती, घरभाडे होते, आणि एक सही केली तर कोणते आकाश कोसळते, असे त्यांनी आपल्या मनाला समजाविले असेल.

बाहेरून पाहणाऱ्याला मात्र निराळे चित्र दिसे. रोमच्या दक्षिणेस पोंटाइन दलदलीचा प्रदेश होता. हिवतापामुळे तेथे वस्ती टिकत नसे. ती दलदल उपसून तेथे शेती व नवी नगरे उभारली गेली, त्यांतील लित्तोरिया १९३२ साली वसले. हे काम खरे होते, आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. गाड्या वेळेवर धावतात, ही कीर्ती मात्र प्रवाशांच्या घड्याळापेक्षा प्रचारखात्यानेच अधिक वाढविली. मजुरांच्या संघटना मोडल्यामुळे मजुरी खाली आली होती, आणि हे प्रवाशाला खिडकीतून दिसत नाही. आपल्या देशातील थोर माणसेही तेथे गेली. रवींद्रनाथ टागोर १९२६ साली सरकारचे पाहुणे होते. प्रथम ते प्रभावित झाले, पण इटलीबाहेर पडल्यावर रोमाँ रोलाँ आणि परागंदा इटालियनांकडून खरी हकीकत कळताच त्यांनी इंग्रजी वृत्तपत्रातून फॅसिझमचा निषेध केला. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये मुसोलिनीची भेट घेतली आणि तेथील ‘बालिला’ या बालसंघटनेची आपल्या दैनंदिनीत प्रशंसा केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना महात्माजीही त्याला भेटले. परक्या सत्तेखालच्या देशातील माणसांना दुसऱ्या देशाची शिस्त आणि कवायत पाहून भुरळ पडावी, हे समजण्याजोगे आहे. परंतु त्या कवायतीचा उपयोग कशासाठी व्हावयाचा होता, हे चार वर्षांतच दिसून आले.

३ ऑक्टोबर १९३५ रोजी इटलीच्या सैन्याने इथिओपियावर स्वारी केली. १८९६ साली अडोवा येथे याच देशाने इटलीचा पराभव केला होता. तो सल काढावयाचा होता. अनवाणी शिपायांवर आणि खेड्यांवर विमानांतून विषारी वायूचा मारा करण्यात आला. राष्ट्रसंघाने आर्थिक बहिष्कार पुकारला, पण त्यातून खनिज तेल वगळले. म्हणजे ज्याच्यावाचून विमाने आणि मोटारी चालत नाहीत तेच मोकळे ठेवले. मे १९३६ मध्ये आदिसअबाबा पडले आणि इटलीचा राजा इथिओपियाचा सम्राट म्हणून घोषित झाला. हा किताब त्याने आनंदाने स्वीकारला. पुढल्या वर्षी फेब्रुवारीत व्हाइसरॉय ग्रात्सियानीवर बाँब फेकला गेला, तेव्हा त्या नगरीत तीन दिवस हजारो निरपराधांची कत्तल झाली.

या विजयाने मुसोलिनीची लोकप्रियता शिगेला पोचली आणि त्याचा विवेक सुटला. हिटलर हा एके काळी त्याचा अनुकरण करणारा. आता गुरूच शिष्यामागून धावू लागला. १९३८ साली यहुदी नागरिकांना शाळा, नोकऱ्या व विवाहसंबंध यांतून बहिष्कृत करणारे वंशविषयक कायदे झाले. हे यहुदी शतकानुशतके इटलीत राहत आलेले, त्यांपैकी कित्येक तर फॅसिस्ट पक्षाचेही सभासद. या कायद्यांवरही राजाची सही आहे. मे १९३९ मध्ये जर्मनीशी ‘पोलादी करार’ झाला. तीनच महिन्यांनी खरेखुरे युद्ध समोर ठाकले, तेव्हा मुसोलिनीने हिटलरकडे लढाईसाठी लागणाऱ्या मालाची यादी पाठविली. ती सुमारे एक कोटी सत्तर लक्ष टनांची होती. ऐंशी लक्ष संगिनींची बढाई मारणाऱ्याची कोठारे रिकामी होती. भूदल, नौदल आणि हवाईदल ही तिन्ही खाती त्याच्याच हाती असल्यामुळे दोष तरी कोणाला द्यावयाचा?

तरीही १० जून १९४० रोजी, फ्रान्स कोसळत असलेला पाहून, लुटीत वाटा मिळावा म्हणून त्याने युद्ध पुकारले. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला, म्हणजे रोमवरील मोर्चाच्या तिथीचा मुहूर्त साधून, ग्रीसवर स्वारी केली. आणि चिमुकल्या ग्रीसने त्याच्या सैन्याला अल्बेनियात मागे रेटले. आफ्रिकेत हिंदी फौजांशी गाठ पडली. एरिट्रियातील केरेनच्या उभ्या डोंगरांवर १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेल्या घनघोर लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते, आणि ‘केरेन’ हे नाव त्या पलटणीच्या रणसन्मानांत आजही आहे. त्या वर्षाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेतील त्याचे साम्राज्य उरले नाही.

१० जुलै १९४३ रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा सिसिलीत उतरल्या. १९ जुलैला रोमवर बाँब पडले. आणि २४ जुलैच्या सायंकाळी, साडेतीन वर्षांहून अधिक काळ न भरलेली फॅसिस्ट महामंडळाची सभा रोमच्या पालात्सो व्हेनेत्सियामध्ये भरली.

ज्यांनी आपल्या संस्थेची सर्वसाधारण सभा पाहिली आहे, त्यांना त्या सभेचे वातावरण सहज कल्पिता येईल. फरक एवढाच की तेथे पराभूत होणाऱ्याच्या आणि ठराव मांडणाऱ्याच्याही प्राणाशी गाठ होती. ठराव दीनो ग्रांदी याचा होता. सैन्याचे आधिपत्य व घटनेने दिलेले सर्व अधिकार राजाने पुन्हा आपल्याकडे घ्यावेत, एवढाच त्याचा आशय. मुसोलिनीला काढा, असे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते. पण अर्थ सर्वांना कळत होता. ग्रांदी खिशात हातबाँब घेऊन गेला होता, असे सांगतात. मुसोलिनी दीड-दोन तास बोलला. पूर्वीची धार नव्हती. चर्चा मध्यरात्र उलटून चालली. पहाटे अडीचच्या पुढे मते घेतली गेली. अठ्ठावीस सभासदांपैकी एकोणीस जण ठरावाच्या बाजूने होते, आणि त्यांत मुसोलिनीचा जावई व माजी परराष्ट्रमंत्री काउंट चानो हाही होता. वीस वर्षे ज्या मंडळाने माना डोलविण्यापलीकडे काही केले नव्हते, त्याने प्रथमच खरे मतदान केले, आणि त्या एका मतदानात सारे संपले.

मुसोलिनीला मात्र ते संपले असे वाटले नाही. हे मंडळ सल्लागार आहे, राजा आपल्या पाठीशी आहे, अशा समजुतीने तो रविवारी, २५ जुलैला सायंकाळी, नेहमीप्रमाणे राजाच्या भेटीस गेला. राजाने, तुमच्या जागी मार्शल बादोल्यो यांची नेमणूक झाली आहे, असे त्याला सांगितले. वीसेक मिनिटांची ही भेट. बाहेर पडताच पोलीस अधिकाऱ्याने, आपल्या सुरक्षिततेसाठी म्हणून, त्याला रुग्णवाहिकेत बसविले. रात्री आकाशवाणीवरून वार्ता पसरली, तेव्हा लोक रात्रीच्या पोशाखातच रस्त्यांवर नाचले आणि भिंतींवरील काठ्यांच्या मोळ्या फोडू लागले. पक्षाचे लक्षावधी सभासद होते, काळ्या सदऱ्यांची सशस्त्र सेना होती. त्यांपैकी कोणीही त्याच्यासाठी एक गोळी झाडली नाही.

राजाला जर एका सायंकाळी, वीस मिनिटांत, हे करता आले, तर १९२२ च्या ऑक्टोबरात किंवा १९२४ च्या जूनमध्ये का करता आले नाही, हा प्रश्न इटालियन जनतेने त्याला पुढे विचारलाच. पण त्याआधी देशाला आणखी एकवीस महिन्यांचे नरक भोगावयाचे होते. ८ सप्टेंबरला दोस्तांशी शस्त्रसंधी जाहीर झाला, आणि दुसऱ्याच पहाटे राजा व बादोल्यो राजधानी सोडून दक्षिणेस पळाले. सैन्याला धड हुकूमही मिळाले नाहीत. लक्षावधी इटालियन शिपाई जर्मनांचे कैदी झाले. १२ तारखेला जर्मन छत्रीधारी सैनिकांनी ग्रान सास्सो डोंगरावरून मुसोलिनीची सुटका केली आणि उत्तरेस गार्दा सरोवराच्या काठी त्याला एका नामधारी प्रजासत्ताकाच्या गादीवर बसविले. ऑक्टोबरात जर्मनांनी रोममधून एक हजारांहून अधिक यहुद्यांना पकडून मृत्युछावणीकडे पाठविले; १९३८ च्या कायद्यांसाठी केलेली शिरगणती त्या कामी आली. जानेवारी १९४४ मध्ये व्हेरोना येथे ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्यांवर खटला झाला आणि पाच जणांना गोळ्या घालण्यात आल्या. जावई चानो त्यांत होता. मुलीने केलेल्या विनवण्या व्यर्थ गेल्या. वृद्ध सेनापती दे बोनोही त्यांत होता. १९२२ च्या मोर्चाचे जे चार पुढारी, त्यांपैकी हा एक.

इकडे दोस्त फौजा एकेक डोंगर, एकेक नदी ओलांडीत वर सरकत होत्या, आणि त्यांत आपली माणसे होती. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नायक यशवंत घाडगे यांची तुकडी मशिनगनच्या माऱ्यात सापडली. सोबतचे सर्व जवान ठार वा जखमी झाल्यावर ते एकटे धावून गेले, हातबाँबने ती तोफ बंद पाडली, उरलेल्यांचा बंदुकीच्या दस्त्याने समाचार घेतला आणि अखेर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तेथेच धारातीर्थी पडले. वय बावीस. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर संगमनेर तालुक्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी पाण्यातून आणि सुरुंगांतून दोन जखमी साथीदारांना एकेक करून पाठीवर आणले, मग जखमी हाताने हातबाँब फेकीत शत्रूची ठाणी बंद पाडली आणि नदीच्या बांधावर चढून शिवछत्रपतींचा जयजयकार केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. त्यांच्या नावे माँतोने या इटालियन गावी २०२३ साली छायाघटिकेच्या रूपाने स्मारक उभारण्यात आले. प्रेदाप्पिओच्या लोहाराच्या मुलाचे नाव माणगावच्या त्या माउलीने कधी ऐकले तरी होते की नाही, कोण जाणे.

जाधवांच्या त्या पराक्रमानंतर तिसऱ्या आठवड्यात, २७ एप्रिलला, कोमो सरोवराकाठच्या दोंगो गावी माघार घेणाऱ्या जर्मन लॉऱ्यांची झडती चालली होती. जर्मन शिपायाचा डगला आणि शिरस्त्राण घालून एका कोपऱ्यात बसलेला माणूस मुसोलिनी असल्याचे इटालियन बंडवाल्यांनी ओळखले. दुसऱ्या दिवशी त्याला आणि त्याची प्रेयसी क्लारा पेताच्ची हिला गोळ्या घालण्यात आल्या. २९ तारखेस मिलानच्या लोरेतो चौकात त्यांची प्रेते पेट्रोल पंपाच्या छतास उलटी टांगली गेली. आठ महिन्यांपूर्वी त्याच चौकात पंधरा बंडवाल्यांची प्रेते लोकांना दहशत बसावी म्हणून टाकून ठेवण्यात आली होती. तरीही त्या दृश्याचे समर्थन करवत नाही, आणि तेव्हाच्या कित्येक फॅसिस्टविरोधी पुढाऱ्यांनाही ते रुचले नाही.

राहता राहिला राजा. ९ मे १९४६ रोजी त्याने मुलाच्या नावे गादी सोडली आणि ईजिप्तची वाट धरली. २ जूनला राजेशाही हवी की प्रजासत्ताक, यावर सार्वमत झाले. राष्ट्रीय प्रश्नावर इटालियन स्त्रियांनी प्रथमच मत दिले. प्रजासत्ताकाच्या बाजूने सुमारे एक कोटी सत्तावीस लक्ष, राजेशाहीच्या बाजूने एक कोटी सात लक्ष मते पडली. पुढल्या वर्षीच्या डिसेंबरात व्हिक्टर इमॅन्युएल अलेक्झांड्रियात वारला. सत्तर वर्षांनी, २०१७ साली, त्याच्या अस्थी इटलीत आणू देण्यात आल्या. त्याचा बाप आणि आजा रोमच्या पँथिऑनमध्ये चिरनिद्रा घेत आहेत. त्याला मात्र तेथे जागा मिळाली नाही, आणि उत्तरेकडील व्हिकोफोर्ते नावाच्या गावातील देवळात त्याला ठेवण्यात आले.